तंजावूरचे शस्त्रागार, बीडचे पिस्तूल

चेन्नईत एग्मोरच्या सरकारी संग्रहालयात शस्त्रांचे दालन आहे. तिथल्या कट्यारी, तलवारी, अंकुश आणि भाल्यांपुढे मराठी माणसाने जरा थांबावे, कारण त्यांतला मोठा भाग तंजावूरच्या भोसल्यांच्या शस्त्रागारातून आलेला आहे. १७९९ च्या तहाने दुसऱ्या सरफोजीराजांकडे किल्ला आणि भोवतालचा थोडा मुलूख उरला. राज्य कंपनीच्या घशात गेले. १८५५ साली दुसरे शिवाजीराजे पुत्र मागे न ठेवता वारले. पुढच्याच वर्षी कमिशनर फोर्ब्स फौज घेऊन वाड्यात शिरला आणि राजघराण्याची सारी मालमत्ता त्याने ताब्यात घेतली. राणी कामाक्षीअंबा बाईसाहेब मद्रासच्या सुप्रीम कोर्टात जिंकल्या, पण १८५९ साली लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलात हरल्या. त्यानंतर काही वर्षांतच शस्त्रागार मोडीत निघाले. निवडक जिनसा संग्रहालयात गेल्या, बाकीचे तुकडे करून लोखंडाच्या भावात विकले. एम. जे. वॉलहाउस या मद्रासच्या मुलकी अधिकाऱ्याने त्याची हकीकत ‘इंडियन अँटिक्वरी’त लिहिली ती १८७८ साली. लॉर्ड लिटनचा शस्त्र कायदाही त्याच सालचा.

त्या कायद्याने हिंदी माणसाला परवान्यावाचून हत्यार बाळगण्याची बंदी झाली आणि युरोपियनाला सूट मिळाली. ही सल राष्ट्रीय चळवळीने दीर्घकाळ बाळगली. १९३१ च्या कराची काँग्रेसने मूलभूत हक्कांच्या ठरावात शस्त्र बाळगण्याचा हक्कही, नियमांच्या अधीन राहून, घातला होता. डिसेंबर १९४८ मध्ये घटना समितीत हरी विष्णू कामथ यांनी त्याच ठरावाची आठवण देत हा हक्क घटनेत लिहावा अशी दुरुस्ती मांडली. डॉ. आंबेडकरांनी ती मान्य केली नाही. हल्ल्याचे हवे ते साधन बाजारातून विकत घेण्याची मुभा प्रत्येकाला दिली तर राज्यकारभार चालायचा कसा, असा त्यांचा रोख होता. दुरुस्ती फेटाळली गेली. आज आपल्या घटनेत सभा भरवण्याचा हक्क आहे, पण तोही शांततेने आणि विनाशस्त्र.

हा इतिहास एवढ्यासाठी सांगितला, की बंदुकीच्या परवान्यांवरून आज जो वाद घातला जातो त्यात दोन्ही बाजू आपापल्या सोयीचा अर्धा भाग उचलतात. एक बाजू म्हणते, इंग्रजांनी आम्हाला नि:शस्त्र केले, आता तरी आमच्या हाती शस्त्र द्या. दुसरी म्हणते, नागरिकाला बंदूक कशाला, पोलिस आहेत की! पहिलीला कामथ आठवतात, दुसरीला आंबेडकर. पण कामथ यांनाही नियमांची चौकट मान्य होती आणि आंबेडकरांचा आक्षेप सरसकट मुभेला होता, हे दोन्ही बाजू विसरतात. दोघांच्या भांडणात खरा प्रश्न बाजूला पडला आहे. परवाना कुणाला मिळतो, कोणत्या कारणावर मिळतो, आणि ते कारण संपल्यावर तो परत कोण घेतो?

महाराष्ट्रात या प्रश्नाचे उत्तर २०२४ पासून भयावह झाले आहे. २ फेब्रुवारी २०२४ रोजी उल्हासनगरच्या हिललाइन पोलिस ठाण्यात, वरिष्ठ निरीक्षकाच्या खोलीत, सत्ताधारी पक्षाच्या तत्कालीन आमदाराने मित्रपक्षाच्या पदाधिकाऱ्यावर गोळ्या झाडल्याचा गुन्हा नोंदला गेला. आठवडा उलटायच्या आत, ८ फेब्रुवारीला, दहिसरमध्ये शिवसेनेच्या (उद्धव बाळासाहेब ठाकरे) अभिषेक घोसाळकर यांचा फेसबुकवरच्या थेट प्रक्षेपणात खून झाला. मारेकऱ्याच्या हातातले पिस्तूल त्याच्या अंगरक्षकाचे होते आणि अंगरक्षकाचा परवाना उत्तर प्रदेशातला होता. म्हणजे परवाना एका राज्याचा, शस्त्र दुसऱ्या राज्यात, बोट तिसऱ्याच माणसाचे. डिसेंबर २०२४ मध्ये मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांच्या हत्येनंतर बीड जिल्ह्याकडे राज्याचे लक्ष गेले, तेव्हा कळले की एकट्या त्या जिल्ह्यात बाराशेच्या वर शस्त्र परवाने दिले गेले आहेत. कमरेला पिस्तूल लावून नाचणारे, हवेत बार काढणारे, गाडीच्या टपावर बसून रील काढणारे तरुण घरोघरच्या मोबाइलवर दिसले. मग शंभरावर परवाने रद्द झाले. आमचा प्रश्न साधा आहे. जे परवाने एका महिन्यात रद्द करता आले, ते मुळात कोणत्या चौकशी अहवालावर दिले होते? त्या अहवालांवर सह्या करणाऱ्यांचे काय झाले?

आता तामिळनाडूकडे पाहू. केंद्रीय गृह मंत्रालयाच्या २०१६ अखेरच्या आकड्यांनुसार देशात ३३ लाख ६९ हजार शस्त्र परवाने होते. त्यांतले १२ लाख ७७ हजार उत्तर प्रदेशात, ८४ हजार महाराष्ट्रात, आणि तामिळनाडूत साडेबावीस हजार. २०११ च्या जनगणनेशी ढोबळ मेळ घातला तर उत्तर प्रदेशात लाखामागे सहाशेच्या वर, महाराष्ट्रात पंचाहत्तरच्या आसपास, तामिळनाडूत एकतीस. याचा अर्थ तामिळनाडूत हिंसा नाही असा मुळीच नाही. तिथले जातीय खून आणि टोळ्यांचे सूड अरुवाळ नावाच्या कोयत्याने होतात आणि ते कमी क्रूर नसतात. पण कोयता घेऊन माणसाला जवळ यावे लागते. पोलिस ठाण्यातल्या खुर्चीवर बसल्याबसल्या सहा गोळ्या झाडता येत नाहीत. तंजावूरचा जमीनदार, तांदूळ गिरणीचा मालक, नगरपालिकेतला पुढारी कमरेच्या पिस्तुलाने आपली पत मोजत नाही. पत दाखवायला त्याच्याकडे मोटारी आहेत, फ्लेक्स आहेत, देवळाच्या उत्सवातला मान आहे. पिस्तूल नाही. ही गोष्ट कायद्याच्या पुस्तकातून आलेली नाही, कारण कायदा दोन्हीकडे एकच आहे. परवाना हा मानाचा बिल्ला होऊ द्यायचा नाही, असा प्रघात तिथे टिकला आणि आपल्याकडे मोडला.

तरीही तंजावूर आदर्श आहे असे म्हणून आम्ही मोकळे होणार नाही. त्याच कावेरीच्या खोऱ्यात नरिकुरवर नावाचा समाज राहतो. एडगर थर्स्टनने १९०९ साली दक्षिणेतल्या जातीजमातींची नोंद केली तेव्हा या पक्षी पकडणाऱ्या, कोल्ह्यांची शिकार करणाऱ्या लोकांना, त्याच्या शब्दांत कुरुविक्कारांना, त्याने मराठी बोलणारे म्हटले होते. त्यांची वाग्रीबोली आर्यकुळातली आहे. तिच्यात गुजराती-मराठीचे धागे आहेत. भोसल्यांच्या तंजावुरावर भरभरून लिहिणाऱ्या मराठी लेखकांना हे लोक सहसा दिसत नाहीत. आपले म्हणून मिरवायला आपल्याला राजे लागतात. या समाजाची ओळख म्हणजे ठासणीची बंदूक. नळीत दारू आणि छर्रे भरायचे, गजाने ठासायचे, एक बार काढायचा, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्यांचा शिकारीचा धंदा गुन्हा ठरला. तो ठरवताना दुसरा धंदा कुणी हाती दिला नाही. आज बायका देवळांपाशी आणि बसस्थानकांवर मण्यांच्या माळा विकतात. अनुसूचित जमातींच्या यादीत नाव यायला २०२३ उजाडले. एवढी वर्षे या माणसाच्या हातातली ठासणीची बंदूक पोलिसांच्या लेखी कायम संशयाची राहिली.

आणि दूर वरच्या अंगाला, कावेरी जिथे उगम पावते त्या कोडगूत, कोडव माणसाच्या घरी तीच बंदूक पूजेला असते. एकोणिसाव्या शतकापासून कोडवांना आणि जम्मा या वंशपरंपरागत जमिनीच्या धारकांना परवान्यातून सूट आहे. केंद्राने ती २०२९ पर्यंत वाढवली आणि कर्नाटक उच्च न्यायालयाने २०२१ साली ती उचलून धरली. कोडवांशी आमचे भांडण नाही. त्यांची परंपरा जुनी आहे. पण जन्मावरून दिलेली सूट तत्त्व म्हणून आम्हाला पटत नाही. नदीच्या वरच्या अंगाला बंदूक परंपरा ठरते आणि खालच्या अंगाला संशय, हा न्याय नव्हे.

आपल्या सिंधुदुर्गातली आणि गोव्यातली गोष्ट याहून वेगळी नाही. भातात रानडुकरे घुसतात, नारळाच्या बागेत माकडे, काजूत गवे. शेतकऱ्याकडे शेती संरक्षणाच्या परवान्याची, बहुधा आज्याच्या नावावरून वडिलांच्या आणि वडिलांच्या नावावरून त्याच्या नावावर आलेली, बंदूक असते. निवडणूक लागली की तलाठ्याचा किंवा पोलिस पाटलाचा निरोप येतो : बंदूक ठाण्यात जमा करा. लोकसभा, विधानसभा, जिल्हा परिषद, ग्रामपंचायत. पीक उभे असताना बंदूक ठाण्याच्या कपाटात आणि डुकरे शेतात. मुंबई उच्च न्यायालयाने २००९ साली गोव्यातल्या एका प्रकरणात स्पष्ट केले, की सरसकट सर्वांची शस्त्रे जमा करून घेणे बेकायदा आहे. कोणाचे घ्यायचे हे छाननी समितीने माणसागणिक ठरवावे. हा निकाल येऊन दीड दशक झाले. तरी अनेक ठिकाणी सरसकट निरोप जातोच, कारण माणसागणिक विचार करणे कष्टाचे असते आणि ज्याच्यापाशी एकच ठासणीची बंदूक आहे तो वकील लावत नाही. ज्याच्यापाशी पिस्तूल आहे तो लावतो.

इथे एक गंमत सांगण्यासारखी आहे, आणि ती कायद्याच्या पुस्तकातच आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्याचे तेरावे कलम वाचा. शेती संरक्षणासाठी ठासणीची बंदूक किंवा संरक्षणासाठी ठरावीक लांबीची साध्या नळीची बंदूक मागणाऱ्याला, अपात्रतेचे काही कारण नसेल तर, परवाना द्यावा असे ते सांगते. इतर शस्त्रांसाठी, म्हणजे पिस्तूल-रिव्हॉल्व्हरसाठी, अर्जदाराला पुरेसे सबळ कारण आहे अशी अधिकाऱ्याची खात्री पटली पाहिजे. पुढचे कलम म्हणते की पुरेशी मालमत्ता नाही एवढ्यावरून परवाना नाकारू नये. म्हणजे कायदा करणाऱ्यांच्या मनात शेतकऱ्याचा दरवाजा उघडा आणि पिस्तूलवाल्याचा दरवाजा किलकिला होता. प्रत्यक्षात आपण ते नेमके उलटे केले आहे. शेतकरी वर्षानुवर्षे जिल्हाधिकारी कार्यालयाच्या पायऱ्या झिजवतो, आणि जमिनीचे व्यवहार करणारा, वाळूचे ठेके घेणारा, कुणाचा तरी उजवा हात म्हणवणारा ‘जिवाला धोका’ या दोन शब्दांवर पिस्तूल घेऊन जातो. पोलिसांनी नाकारलेला परवाना मंत्र्यांकडच्या अपिलात मंजूर होऊ शकतो, हे २०२५ साली पुण्यातल्या एका प्रकरणात सगळ्यांनी पाहिले.

यावर परवानाधारकांची बाजू एक आक्षेप घेते आणि त्यात तथ्य आहे : खून बेकायदा हत्यारांनी होतात, तुम्ही आमच्या मागे का लागता? खरेच आहे. ‘स्मॉल आर्म्स सर्व्हे’ या जिनिव्हातल्या संस्थेने २०१८ साली भारतातल्या नागरिकांकडच्या बंदुकांचा अंदाज ७ कोटी ११ लाख एवढा केला होता. एका परवान्यावर तेव्हाच्या मर्यादेप्रमाणे तीन-तीन शस्त्रे धरली तरी हिशेब एक कोटीच्या आसपास थांबतो. अंदाज निम्म्याने चुकला असे मानले तरी उरलेल्या बंदुका कुणाच्या? चोपडा तालुक्याला लागून, मध्य प्रदेशच्या हद्दीत असलेल्या उमर्टीचे नाव जळगाव-पुण्याच्या पोलिसांना पाठ आहे. तिथून निघालेला गावठी कट्टा कॉलेजच्या पोरांपर्यंत पोचतो. धाडी पडतात, भट्ट्या मोडतात, छायाचित्रे छापून येतात, भट्ट्या पुन्हा पेटतात. तिथल्या कारागिरांच्या पिढीजात हातोटीला दुसरे काम मिळवून देण्याची खटपट धाडींच्या मानाने नगण्य आहे. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये प्रत्येक राज्याला बेकायदा शस्त्रांच्या बंदोबस्तासाठी समिती नेमायला सांगितले. महाराष्ट्राच्या समितीने काय केले, हे सामान्य नागरिकाला कुठेही वाचायला मिळत नाही.

पण बेकायदा हत्यार मोठा प्रश्न आहे म्हणून परवान्याचे हत्यार प्रश्न नाही, असे होत नाही. गावातला वजनदार माणूस पिस्तूल मिरवतो तेव्हा त्याच्यामागे फिरणाऱ्या पोरांना तसेच हवे असते; परवाना मिळत नाही म्हणून ती उमर्टीचा रस्ता धरतात. दाखवेगिरीचा परवाना बेकायदा बाजाराला गिऱ्हाईक पुरवतो. हे ज्यांच्या लक्षात येत नाही त्यांनी मराठवाड्यातली लग्ने आणि वाढदिवस पाहावेत. शस्त्र कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीने आनंदाच्या भरात बेपर्वाईने केलेल्या गोळीबाराला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखभर दंड किंवा दोन्ही सांगितले आहे. किती जणांना ही शिक्षा झाली?

त्याच दुरुस्तीने एका माणसाकडच्या बंदुकांची मर्यादा तीनवरून दोनवर आणली आणि परवान्याची मुदत तीनवरून पाच वर्षे केली. संसदेत मूळ प्रस्ताव एकाच शस्त्राचा होता. खेळाडूंचा, वडिलोपार्जित शस्त्रे असणाऱ्या घराण्यांचा विरोध पाहून सरकारने दोन मान्य केली. यावरून दोन्हीकडून बरीच टीका झाली. आम्हाला तो सगळा प्रकार बरा वाटला. बोलणी करून मधला आकडा काढता येतो हे तरी दिसले. मात्र मुदत वाढवणे आम्हाला अजिबात मान्य नाही. ‘जिवाला धोका’ पाच वर्षे तसाच राहत नाही. तो खरा असेल तर त्याची दर वर्षी विचारपूस व्हावी. खोटा असेल तर पहिल्याच वर्षी उघडा पडावा.

आणखी एका दिशेने धोक्याची घंटा वाजते आहे, आणि ती सर्वांत मोठी आहे. आसाम सरकारने मे २०२५ मध्ये काही संवेदनशील भागांत ‘मूळ रहिवाशांना’ शस्त्र परवाने देण्याचा निर्णय घेतला. कारण संरक्षणाचे दिले, पण निकष माणूस कोण आहे हा ठेवला. मणिपुरात २०२३ च्या मे महिन्यापासून सरकारी शस्त्रागारांतून हजारो बंदुका लुटल्या गेल्या आणि दोन समाज एकमेकांसमोर सशस्त्र उभे राहिले. त्या बंदुका परत आणायला राज्यपालांना २०२५ मध्ये आवाहने करावी लागली. ज्या देशाने हे पाहिले त्याने समाज पाहून शस्त्रे वाटण्याच्या वाटेला जाऊच नये. महाराष्ट्रातही अधूनमधून ‘आमच्या लोकांना शस्त्र द्या’ अशी भाषा व्यासपीठांवरून ऐकू येते. टाळ्या पडतात. ती बोलणाऱ्यांची मुले गोळी लागून मरत नाहीत.

मग दोन्ही बाजू एकत्र येतील अशी जागा आहे का? आहे, आणि ती दूर नाही. ऑस्ट्रेलियात २८ एप्रिल १९९६ रोजी पोर्ट आर्थरला एका माणसाने ३५ जणांना ठार केले. तिथला पंतप्रधान जॉन हॉवर्ड उजव्या पक्षाचा होता आणि त्याच्या आघाडीतले शेतकरी बंदुकीचे कट्टर समर्थक होते. तरीही दोन आठवड्यांच्या आत सर्व प्रांतांत करार झाला आणि साडेसहा लाखांच्या घरात बंदुका सरकारने विकत घेतल्या. शेतकऱ्याची बंदूक मात्र त्याच्याकडे राहिली, कारण शेतीतल्या उपद्रवी जनावरांचा बंदोबस्त हे खरे कारण मानले गेले. स्वसंरक्षण हे कारण मानले गेले नाही. आपल्या तेराव्या कलमाचा कल यापासून फार लांब नाही. आपल्याकडे नवा कायदा नको, आहे तोच सुलटा चालवावा एवढेच हवे आहे.

बंदुकीचा समर्थक आणि विरोधक यांना समोरासमोर बसवून विचारले, की बीडच्या त्या रील काढणाऱ्या पोराकडे पिस्तूल असावे का, तर दोघेही नाही म्हणतील. सावंतवाडीच्या शेतकऱ्याला डुकरांपासून भात राखता यावे का, तर दोघेही हो म्हणतील. उमर्टीची भट्टी बंद व्हावी, आमदाराच्या चिठ्ठीवर परवाना मिळू नये, घरात लहान मूल असताना पिस्तूल कुलपात असावे, यांतल्या एकावरही मतभेद नाही. वैद्यकीय दाखला, शस्त्र हाताळण्याचे प्रशिक्षण, सुरक्षित साठवणीची हमी हे २०१६ च्या नियमांत लिहिलेलेच आहे. वाद आहे तो ते कागदावरून खाली उतरवण्याच्या इच्छेचा. त्या इच्छेच्या आड कुणी शस्त्रप्रेमी नाही की शांततावादी नाही. आड आहेत ते परवाना देऊन माणसे जोडणारे.

म्हणून महाराष्ट्राच्या गृह खात्याकडे आमची मागणी आहे. प्रत्येक जिल्ह्यात आणि आयुक्तालयात किती परवाने आहेत, त्यांतले शेतीचे किती, स्वसंरक्षणाचे किती, आणि पोलिसांचा अहवाल प्रतिकूल असताना अपिलात मंजूर झालेले किती, हे आकडे दर वर्षी जाहीर करा. नावे नकोत, नावे जाहीर केली तर चोरांची सोय होईल. आकडे आणि कारणे हवीत. गुन्हा दाखल झालेल्या धारकाचा परवाना निकालापर्यंत निलंबित ठेवा, आणि ज्याच्या अहवालावर तो मिळाला त्या अधिकाऱ्याला खुलासा विचारा. परराज्यातल्या परवान्यावर इथे शस्त्र घेऊन फिरणाऱ्या अंगरक्षकांची ठाणेनिहाय नोंद करा; दहिसरनंतर तरी ती व्हायला हवी होती. आणि शेती संरक्षणाच्या बंदुका निवडणुकीत जमा करून घ्यायच्या असतील तर न्यायालयाने सांगितल्याप्रमाणे माणूस पाहून घ्या, तालुका पाहून नव्हे.

वाचकांना एकच सांगणे आहे. स्थानिक स्वराज्य संस्थांपासून विधानसभेपर्यंत प्रत्येक उमेदवार कधी ना कधी तुमच्या दारात येतो. आपल्याकडे परवान्याचे शस्त्र आहे का, आणि असेल तर कोणत्या कारणासाठी, हे त्याला विचारा. शस्त्राची माहिती त्याला निवडणुकीच्या अर्जातल्या मालमत्तेत द्यावी लागतेच. कारण मात्र तुमच्यासमोर सांगू द्या.